व्होल्टेज का घसरते? घरातील दिव्यापासून संगणकाच्या प्रोसेसरपर्यंत



उन्हाळ्याच्या दिवसांत संध्याकाळी सात-आठच्या सुमारास सुदामा नगरातील कोणत्याही घरात एक गोष्ट पाहायला मिळते. एका खोलीत एसी सुरू आहे, दुसऱ्या खोलीत कूलर आहे, आणि तेवढ्यात कोणी तरी पाण्याची मोटर सुरू करते. दिवा क्षणभर डोळा मिचकावतो. मग तो पुन्हा उजळतो, पण पूर्वीपेक्षा किंचित मंद राहतो. "व्होल्टेज डाऊन आहे" असे म्हणून आपण हा विषय सोडून देतो.

या साध्या घटनेत विज्ञानाच्या दोन गोष्टी आहेत. दिवा क्षणभर मिचकावला ही पहिली आणि नंतर थोडा मंद राहिला ही दुसरी. या दोन्ही गोष्टी तुमच्या टेबलावरील संगणकाच्या आतही दर सेकंदाला असंख्य वेळा घडत असतात. वरच्या वर्गांतील ज्या विद्यार्थ्यांना संगणकाचा वेग वाढवण्याची, म्हणजे 'ओव्हरक्लॉकिंग'ची आवड आहे, त्यांच्यासमोर या घसरणीचा प्रश्न हमखास येतो. घसरण थांबवायची कशी, असे ते विचारतात. त्याआधी ती का होते आणि तिला थांबवणे नेहमी शहाणपणाचे असते का, हे पाहायला हवे. या पाठात आपण तेच करणार आहोत. गणित दहावीच्या पलीकडचे नाही, म्हणून लहान मित्रांनीही वाचायला हरकत नाही.

ओहमचा नियम आणि घरातील तार

जॉर्ज सायमन ओहम हे जर्मनीतील कोलोन शहरात शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत असत. तारेतून वाहणारी विद्युतधारा आणि तारेच्या दोन टोकांमधील विभवांतर यांचा संबंध त्यांनी स्वतः प्रयोग करून शोधला आणि १८२७ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. सुरुवातीला त्याचे फारसे स्वागत झाले नाही. पुढे १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. आज हा नियम प्रत्येक शाळेत शिकवला जातो:

विभवांतर = विद्युतधारा × रोध

आता हा नियम आपल्या घराला लावू. खांबापासून तुमच्या खोलीपर्यंत जी तार येते तिला थोडा रोध असतो. समजा, जाण्यायेण्याची तार धरून तो ०.५ ओहम आहे. खोलीत काहीच सुरू नसेल तर तारेतून धारा वाहत नाही आणि प्लगमध्ये पूर्ण २३० व्होल्ट मिळतात. १० अँपिअर धारा घेणारे उपकरण सुरू केले की तारेतच १० × ०.५ = ५ व्होल्ट खर्च होतात आणि उपकरणाला २२५ व्होल्ट मिळतात. धारा जितकी जास्त, तितकी घसरण जास्त. यात वीज कंपनीचा किंवा तारेचा काही दोष नाही. रोध असलेल्या प्रत्येक वाटेवर असे होणारच.

बारावीच्या विद्यार्थ्यांनी हाच प्रकार 'विद्युतघटाचा अंतर्गत रोध' या नावाने शिकलेला आहे. दोन्हीकडे सूत्र एकच आहे.

सव्वा व्होल्टची दुनिया

२३० मधून ५ व्होल्ट गेले तर नुकसान सुमारे दोन टक्के होते. पंखा, दिवा, फ्रिज यांना त्याचा पत्ताही लागत नाही. प्रोसेसरची गोष्ट मात्र वेगळी आहे.

आजचा एखादा ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसर पूर्ण कामाला लागला की १२० वॉट शक्ती सहज घेतो. ही शक्ती त्याला सुमारे १.२ व्होल्टवर लागते. भागाकार करून पाहा: १२० ÷ १.२ = १०० अँपिअर! ज्या घराचा एकूण भार ५ किलोवॉट आहे, त्या घरात सर्व उपकरणे एकाच वेळी सुरू केली तरी मीटरमधून २२ अँपिअरच्या आसपास धारा जाते. म्हणजे हा एवढासा प्रोसेसर अख्ख्या घराच्या चौपट-पाचपट विद्युतधारा पीत असतो.

आता वाटेत केवळ १ मिलीओहम, म्हणजे ओहमचा हजारावा भाग, एवढा रोध आहे असे धरा. हा रोध किती क्षुल्लक आहे? घरातील वायरिंगमध्ये २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरतात. तिच्या साडेचौदा सेंटीमीटर तुकड्याचा, म्हणजे थोड्या वापरलेल्या पेन्सिलीएवढ्या लांबीचा, रोध १ मिलीओहम भरतो. पण धारा १०० अँपिअर असल्यामुळे घसरण होते १०० × ०.००१ = ०.१ व्होल्ट. १.३० व्होल्ट दिले असतील तर प्रोसेसरला १.२० मिळतील. टक्केवारीत ही घट पावणेआठ टक्क्यांच्या आसपास जाते. घरातील दोन टक्क्यांशी तिची तुलना करून पाहा.

या घसरणीला संगणकवाले 'व्ही-ड्रूप' म्हणतात. 'व्ही' म्हणजे व्होल्टेज आणि 'ड्रूप' म्हणजे मान टाकणे.

मदरबोर्डवरील डीपी

मोठ्या वीजवाहिन्यांवर वीज उच्च दाबाने आणतात आणि कॉलनीजवळच्या डीपीवर तिचा दाब उतरवतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्याच शक्तीसाठी दाब जास्त ठेवला की धारा कमी लागते आणि तारेतील नुकसान कमी होते.

संगणकातही अगदी हीच युक्ती आहे. पॉवर सप्लायमधून, ज्याला आपण एसएमपीएस म्हणतो, मदरबोर्डकडे १२ व्होल्ट येतात. १२० वॉटसाठी तेथे १० अँपिअर पुरतात. प्रोसेसरच्या अगदी शेजारी एक छोटी यंत्रणा हे १२ व्होल्ट सव्वा व्होल्टच्या आसपास उतरवते. या यंत्रणेला 'व्होल्टेज रेग्युलेटर' किंवा थोडक्यात व्हीआरएम म्हणतात. मदरबोर्ड समोर धरला तर प्रोसेसरच्या दोन बाजूंना चौकोनी ठोकळ्यांची रांग दिसते. ती वेटोळी म्हणजे चोक. त्यांच्याजवळ उभे डबीसारखे दिसतात ते कपॅसिटर. अॅल्युमिनियमच्या पट्टीखाली झाकलेले असतात ते मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बटणे. ही बटणे सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात. चोक आणि कपॅसिटर त्या तुटक विजेला सलग करतात. एका रांगेवर सगळा भार पडू नये म्हणून काम अनेक 'फेज'मध्ये वाटलेले असते.

या साखळीत कपॅसिटर पाण्याच्या टाकीचे काम करतो. प्रोसेसरने एकाएकी जास्त धारा मागितली तर पहिला घोट टाकीतून जातो. मागून येणाऱ्या पुरवठ्याला वेग घ्यायला थोडा वेळ लागतो, म्हणून तेवढ्या वेळात व्होल्टेज खाली जाते. दिव्याचे 'मिचकावणे' ते हेच.

याच्या उलटही घडते. जोरात वाहणारा नळ एकदम बंद केला की पाइपात 'धाड' असा आवाज येतो, कारण वाहते पाणी लगेच थांबू शकत नाही. चोकमधील विद्युतधाराही तशीच लगेच थांबत नाही. प्रोसेसरचे काम एकाएकी संपले की जास्तीची धारा कपॅसिटरमध्ये शिरते आणि व्होल्टेज क्षणभर ठरल्यापेक्षा वर उसळते. ही उसळी साध्या मल्टिमीटरवर दिसत नाही, कारण ती फार थोडा वेळ टिकते. प्रोसेसरला मात्र ती सोसावी लागते.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

प्रोसेसर ठरावीक ठोक्यांवर चालतो. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३ अब्ज ठोके. कारखान्याने ठरवलेल्या ठोक्यांपेक्षा जास्त ठोक्यांवर तो चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. याचे गाजलेले उदाहरण १९९८ मधील इंटेलच्या 'सेलेरॉन ३०० ए' या स्वस्त प्रोसेसरचे आहे. तो ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर साडेचार पटीने, म्हणजे ३०० मेगाहर्ट्झवर चाले. बस १०० मेगाहर्ट्झवर नेली की तोच प्रोसेसर पुष्कळदा ४५० मेगाहर्ट्झवर सुरळीत चालत असे. थोड्या पैशात दीडपट वेग मिळाल्यामुळे तेव्हापासून जगभरच्या मुलांना या गोष्टीचे वेड लागले.

पण वेग फुकट मिळत नाही. ठोके जलद झाले की प्रत्येक ट्रान्झिस्टरला आपले काम कमी वेळात संपवावे लागते. त्यासाठी त्याला जास्त व्होल्टेज लागते. आणि प्रोसेसरची उष्णता ढोबळमानाने अशी वाढते:

शक्ती ∝ ठोके × (व्होल्टेज)²

ठोके १० टक्के वाढवले आणि त्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावे लागले, तर शक्ती १.१ × १.१ × १.१ = १.३३ पट होते. वेग दहा टक्के वाढला, उष्णता तेहतीस टक्के! शिवाय शक्ती वाढली की धारा वाढते आणि धारा वाढली की घसरणही वाढते. मग घसरण भरून काढण्यासाठी आणखी व्होल्टेज द्यावेसे वाटते. हे चक्र नीट लक्षात घ्या.

घसरण हा दोष की योजना?

आता पाठाचा मुख्य भाग. बहुतेक नवख्यांना वाटते की व्ही-ड्रूप ही मदरबोर्डची कमजोरी आहे. वस्तुतः त्यातील बराचसा भाग अभियंत्यांनी मुद्दाम ठेवलेला असतो. 'भार वाढेल तसे व्होल्टेज इतक्या उताराने खाली येऊ द्या' असे प्रोसेसर बनवणारी कंपनीच मदरबोर्ड बनवणाऱ्यांना सांगते. या उताराला 'लोड-लाईन' म्हणतात. असे का सांगतात, ते एका उदाहरणाने पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत.

समजा, प्रोसेसरला चुका न करता चालण्यासाठी कमीत कमी १.२० व्होल्ट हवेत. भार ० वरून १०० अँपिअरवर एकदम गेला तर ०.०८ व्होल्टचा क्षणिक खड्डा पडतो आणि भार एकदम सुटला तर ०.०८ व्होल्टची उसळी येते.

पहिली रीत, पूर्ण उतार (१ मिलीओहम): रिकामे असताना १.३० व्होल्ट ठेवले. भार आला की खड्डा १.२२ पर्यंत जातो आणि व्होल्टेज सावकाश १.२० वर स्थिरावते. भार सुटला की उसळी १.२८ पर्यंत जाते आणि पुढे १.३० वर स्थिरावते. म्हणजे खड्डा आणि उसळी दोन्ही उताराच्या पोटातच मावतात. सर्वांत खालचा आकडा १.२०, सर्वांत वरचा १.३०.

दुसरी रीत, उतारच नाही: भार असो वा नसो, व्होल्टेज एकच ठेवायचे. खड्डा ०.०८ चा आहे आणि खाली १.२० च्या आत जायचे नाही, म्हणून १.२८ व्होल्ट ठेवावे लागतात. भार सुटला की उसळी १.२८ + ०.०८ = १.३६ पर्यंत जाते. शिवाय पूर्ण भाराच्या वेळी प्रोसेसरला १.२० ऐवजी १.२८ व्होल्ट मिळत राहतात. १.२८ ÷ १.२० चा वर्ग १.१४ येतो, म्हणजे त्याच वेगाला सुमारे १४ टक्के जास्त उष्णता.

तिसरी रीत, अर्धा उतार (०.५ मिलीओहम): रिकामे असताना १.२८ ठेवले. खड्डा १.२० पर्यंत जातो, भारावर व्होल्टेज १.२३ वर स्थिरावते, उसळी १.३१ पर्यंत जाते. उष्णता पहिल्या रीतीपेक्षा सुमारे ५ टक्के जास्त.

आता तुम्हीच सांगा, कोणती रीत शहाणपणाची? पडद्यावर व्होल्टेजची रेघ सरळ दिसते म्हणून दुसरी रीत सुंदर वाटते. पण न दिसणारी उसळी त्याच रीतीत सर्वांत उंच जाते. जिला आपण दोष समजत होतो ती घसरण प्रोसेसरचे रक्षण करत होती.

लोड-लाईन कॅलिब्रेशन

बहुतेक ओव्हरक्लॉकिंगच्या मदरबोर्डांवर बायोसमध्ये 'लोड-लाईन कॅलिब्रेशन' ही सोय असते. तिला एलएलसी म्हणतात. ती हा उतार कमी करते. तिच्या पायऱ्या असतात. शेवटच्या पायरीवर उतार जवळजवळ सपाट होतो, काही बोर्डांवर तर भार आल्यावर व्होल्टेज उलट वाढते.

येथे एक धोका सांगून ठेवतो. सर्व कंपन्या पायऱ्यांचे क्रमांक सारखे लावत नाहीत. एका कंपनीच्या बोर्डवर पायरी १ सर्वांत सौम्य असते, तर दुसऱ्या कंपनीच्या बोर्डवर पायरी १ सर्वांत तीव्र. मित्राने सांगितलेला आकडा आपल्या बोर्डवर तसाच टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या औषधाची चिठ्ठी स्वतःसाठी वापरणे होय. बोर्डसोबत मिळालेली पुस्तिका आधी वाचा.

आणि ज्यांना हे करायचेच आहे, ज्यांचे वय, समज आणि पालकांची संमती आहे, त्यांनी हा क्रम पाळावा:

१. आधी काहीही न बदलता मोजा. संगणक रिकामा असताना आणि पूर्ण भारावर असताना प्रोसेसरचे व्होल्टेज व तापमान वहीत लिहा. 'एचडब्ल्यूइन्फो' यासारख्या प्रोग्रामवर ते दिसते.

२. आधी थंडावा, मग वेग. इंदूरमध्ये मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि धूळही भरपूर असते. जानेवारीत सुरळीत चाललेली जुळणी मे महिन्यात कोसळू शकते. पंखे, प्रोसेसरचा कूलर आणि व्हीआरएमवरील पट्टी स्वच्छ आहे का, ते पाहा.

३. एसएमपीएस चांगला हवा. १२ व्होल्टच्या वाहिनीत साधारण ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ११.४ ते १२.६ पर्यंत, फरक चालतो. भारावर तो याखाली जात असेल तर दोष मदरबोर्डमध्ये शोधू नका.

४. एलएलसी मधल्या पायरीवर ठेवा. सर्वांत तीव्र पायरी टाळा.

५. व्होल्टेज ठरवताना रिकाम्या वेळचा नव्हे, भारावरील आकडा पाहा. वाढवायचे तर एका वेळी ०.०१ ते ०.०२ व्होल्ट. एका वेळी एकच गोष्ट बदला.

६. प्रत्येक बदलानंतर चाचणी घ्या. 'प्राइम ९५' हा प्रोग्राम यासाठी प्रसिद्ध आहे. जॉर्ज वॉल्टमन यांनी १९९६ मध्ये मोठ्या मर्सेन मूळ संख्या शोधण्याची मोहीम सुरू केली, तिच्यासाठी तो लिहिला. त्यातील आकडेमोडीचे उत्तर काटेकोर यावे लागते. एकही आकडा चुकला तर प्रोसेसर अडखळला हे कळते.

७. चाचणी सुरू करण्यापूर्वी आपल्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. अस्थिर संगणक बंद पडला तर फारसे बिघडत नाही. पण तो गुपचूप चुकीचे आकडे लिहू लागला तर वर्षभराच्या प्रोजेक्टचे वाटोळे होते आणि ते उशिरा कळते.

दोन अलीकडच्या घटना

जास्त व्होल्टेजचा धोका केवळ हौशी मुलांनाच असतो असे नाही.

एप्रिल २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील 'एक्स थ्री डी' प्रकारचे काही प्रोसेसर मदरबोर्डवरच जळाल्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. मेमरीचा वेग वाढवण्याची तयार जुळणी निवडली की काही बोर्ड प्रोसेसरच्या एका भागाला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत असत. त्यानंतर एएमडीने त्या भागाच्या व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घातली.

दुसरी घटना इंटेलची. तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर काही महिन्यांच्या वापरानंतर अडखळू लागले. प्रोसेसरमधील सूक्ष्म आज्ञावली चुकीचे, जास्तीचे व्होल्टेज मागत होती, असे इंटेलने जुलै २०२४ मध्ये सांगितले. ऑगस्ट २०२४ पासून दुरुस्त आज्ञावली बायोसमार्फत देण्यात आली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवण्यात आली. जास्त व्होल्टेज आणि उष्णतेमुळे प्रोसेसरमधील ठोक्यांचे मंडल लवकर म्हातारे होत होते आणि पूर्वीच्या व्होल्टेजवर त्याला काम झेपत नव्हते. ज्यांचे नुकसान आधीच झाले होते ते प्रोसेसर नव्या आज्ञावलीने बरे होत नव्हते.

या दुसऱ्या घटनेतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. जास्त व्होल्टेजने प्रोसेसर लगेच मरतोच असे नाही. तो झिजतो. आज सर्व चाचण्या उत्तीर्ण झालेला संगणक सहा महिन्यांनी विनाकारण बंद पडू लागतो आणि तोपर्यंत आपण केलेला बदल विसरून गेलेलो असतो.

आपल्या शेजारचे मोठे उदाहरण

वीज 'स्थिर' असणे किती मोलाचे असते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या इंदुरातच आहे. राजेंद्र नगरच्या पलीकडे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. लोक त्याला अजूनही 'कॅट' म्हणतात. १९८४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. तेथे 'इंडस-१' आणि 'इंडस-२' ही दोन सिंक्रोट्रॉन यंत्रे आहेत. इंडस-२ चा परीघ सुमारे १७२ मीटर आहे आणि त्यात इलेक्ट्रॉन २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने फिरतात. त्यांना गोल वाटेवर ठेवण्याचे काम विद्युतचुंबक करतात. चुंबकाची धारा किंचित हलली तरी इलेक्ट्रॉनांची वाट हलते. म्हणून तेथे चुंबकांना वीज देणारे खास स्थिर पुरवठे वापरतात. भार, तापमान आणि बाहेरून येणारी वीज बदलली तरी धारा तीच राहावी यासाठी पुरवठा स्वतःची धारा सतत मोजतो आणि स्वतःला सावरतो. मदरबोर्डवरील छोटा रेग्युलेटरही मोजतो आणि सावरतो. काम एकच, पण माप वेगळे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने हे केंद्र शाळांच्या विद्यार्थ्यांना पाहायला मिळते. संधी आली तर सोडू नका आणि तेथील शास्त्रज्ञांना पॉवर सप्लायबद्दल जरूर विचारा.

वेगाचा दुसरा रस्ता

एकाच प्रोसेसरला अधिकाधिक पळवण्याला मर्यादा आहे, हे मोठ्या कंपन्यांनाही शिकावे लागले. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत इंटेलने २००४ मध्ये सोडून दिला आणि पुढच्याच वर्षी दोन गाभ्यांचा प्रोसेसर बाजारात आणला. एकाला मारून मुटकून पळवण्याऐवजी दोघांनी काम वाटून घ्यायचे.

हा विचार आपल्याकडे त्याआधीच रुजला होता. अमेरिकेने हवा तसा महासंगणक देण्यास नकार दिल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते. १९९१ मध्ये त्यांच्या चमूने 'परम ८०००' तयार केला. त्यात एकच अतिवेगवान प्रोसेसर नव्हता, तर अनेक साधे प्रोसेसर एकत्र काम करत होते. साध्या गोष्टी नीट जोडल्या की मोठे काम होते, हा धडा ओव्हरक्लॉकिंगच्या वेडात विसरू नये.

पालक आणि विश्वस्त मंडळींसाठी

मुलगा किंवा मुलगी "संगणक स्लो आहे, प्रोसेसर पळवतो" असे म्हणाली तर रागावू नका आणि लगेच होकारही देऊ नका. आधी संगणक कशामुळे मंद आहे ते विचारा. शाळेच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या संगणकात जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली आणि मेमरी वाढवली तर ओव्हरक्लॉकिंगपेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो. सिल्व्हर मॉलमध्ये दोन-चार दुकानांत भाव विचारून पाहा. प्रोसेसरचे व्होल्टेज वाढवून झालेले नुकसान वॉरंटीत धरले जाईलच असे नाही, हेही मुलांना सांगा. आणि मुलाला खरोखर आवड असेल तर घरातील एकमेव संगणकावर नव्हे, जुन्या, बाजूला ठेवलेल्या संगणकावर शिकू द्या.

शाळेच्या संगणक कक्षातील यंत्रे मात्र कारखान्याच्या जुळणीवरच चालावीत. तेथे गरज आहे ती चांगल्या अर्थिंगची, सुस्थितीतील यूपीएसची, जाड वायरिंगची आणि वर्षातून दोनदा धूळ साफ करण्याची. वीस संगणक एकाच पातळ तारेवर जोडले तर पहिल्या प्रकरणातील गणित तेथेही लागू होते. बायोसला पासवर्ड ठेवणेही चांगले.

करून पाहा

साहित्य: दोन पेन्सिल सेल, टॉर्चचे तीन छोटे दिवे, तारा, मल्टिमीटर.

सेल एकामागे एक जोडा. दिवा न लावता व्होल्टेज मोजा. मग एक, दोन आणि तीन दिवे समांतर जोडून प्रत्येक वेळी व्होल्टेज आणि विद्युतधारा मोजा. आडव्या अक्षावर धारा आणि उभ्या अक्षावर व्होल्टेज घेऊन आलेख काढा. खाली उतरणारी जी रेघ मिळेल तीच तुमच्या सेलची 'लोड-लाईन'. नवे आणि जुने सेल घेऊन दोन्हींचे उतार ताडून पाहा. हा प्रयोग फक्त सेलवर करावा. घरातील २३० व्होल्टच्या प्लगवर असे काहीही करू नये.

स्वाध्याय

१. दिवा न लावता सेलचे व्होल्टेज ३.० होते. दिवा लावल्यावर ते २.७ झाले आणि धारा ०.३ अँपिअर होती. अंतर्गत रोध किती?

२. लोड-लाईन १ मिलीओहम आहे. रिकामे असताना १.२८ व्होल्ट आहेत. धारा ८० अँपिअर झाली तर प्रोसेसरला किती व्होल्टेज मिळेल?

३. ६५ वॉटच्या प्रोसेसरचे ठोके ३.० वरून ३.६ गिगाहर्ट्झ केले आणि व्होल्टेज १.२० वरून १.३२ केले. शक्ती सुमारे किती होईल?

४. व्होल्टेज रेग्युलेटर एसएमपीएसच्या डब्यात न ठेवता प्रोसेसरला चिकटून का ठेवतात? पाच ओळींत लिहा.

उत्तरे: (१) १ ओहम. (२) १.२० व्होल्ट. (३) ६५ × १.२ × १.२१ = सुमारे ९४ वॉट. चौथ्याचे उत्तर आपल्या विज्ञान शिक्षकांना दाखवा.

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते की, एखादी गोष्ट खाली जाताना दिसली म्हणजे ती बिघडलीच असे नसते. ती का खाली जाते हे आधी विचारा, मोजा, वहीत लिहा आणि मगच हात लावा. प्रयोग करणाऱ्या सर्व विद्यार्थी मित्रांना शुभेच्छा!